चौखूर घोडा, करड्या छटांत

घोड्याचे चित्र बिघडते ते बहुधा पायांत, आणि ते सावरायची धडपड चालते पुठ्ठ्यावरच्या चकाकीत. मऊ ब्रश फिरवून फिरवून अंग गुळगुळीत केले, आयाळीचा केस न् केस काढला, तरी घोडा काही पळत नाही. टॅब्लेटवर हा धोका जास्त, कारण तिथे छटा लावणे सोपे आणि पुसणे त्याहून सोपे. त्यामुळे हात थांबत नाही. म्हणून छटांकडे आपण जरा उशिराच वळू.

पळत्या घोड्याचे पाय नेमके कसे पडतात हे नुसत्या डोळ्यांना कधी नीट दिसलेच नाही. युरोपातल्या चित्रकारांनी त्यावर एक ठरावीक तोडगा काढला होता: पुढचे दोन्ही पाय पुढे ताणलेले, मागचे दोन्ही मागे, पोट जमिनीकडे झुकलेले. जेरिकोचे १८२१ सालचे एप्सम डर्बीचे चित्र लूव्रमध्ये आहे. त्यातले घोडे असेच उडतात. १८७८च्या जून महिन्यात कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे, लेलँड स्टॅनफर्ड या धनाढ्य रेल्वेमालकाच्या घोड्यांच्या फार्मवर, एडवर्ड मायब्रिजने धावपट्टीच्या कडेला २७-२७ इंचांवर १२ कॅमेरे मांडले. सॅली गार्डनर नावाची घोडी पळत गेली, आडवे बांधलेले दोरे तिच्या धक्क्याने तुटत गेले आणि एकेका कॅमेऱ्याची झडप उघडून मिटली. चारही खूर एकाच वेळी जमीन सोडतात हे त्या छायाचित्रांत दिसले. पण ते सोडतात तेव्हा पाय ताणलेले नसतात, चारही पोटाखाली गोळा झालेले असतात. स्टॅनफर्डने यावर मोठी पैज लावली होती ही गोष्ट सगळीकडे रंगवून सांगतात. तिला पुरावा सापडलेला नाही.

पुढे शिल्पकार रोदाँने जेरिकोची बाजू घेतली. कॅमेऱ्याने गोठवलेल्या क्षणापेक्षा चित्रकाराचा तो पवित्रा धावेची जाणीव जास्त करून देतो, असे त्याचे म्हणणे. मला ते निम्मे पटते. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांचे घोडे वेगळ्याच न्यायाने पळतात आणि झकास पळतात. पण हाडे-स्नायू दाखवणारे वास्तवदर्शी चित्र करड्या छटांत काढायला बसलो की ती सवलत संपते. अंग खरे आणि पाय खोटे, हे पाहणाऱ्याला लगेच खटकते, मग त्याला कारण सांगता येवो न येवो.

साध्या चालीत चार खुरांचे चार वेगळे ठोके पडतात. दुडकीत कर्णरेषेतले दोन पाय जोडीने पडतात, म्हणून ठोके दोनच. कँटरला तीन, आणि चौखूर धावेत पुन्हा चार, पण एकमेकांना जवळजवळ चिकटलेले. आपल्याला ही शेवटची धाव काढायची आहे. घोडा चित्रात उजवीकडे पळतो आहे, म्हणजे त्याची उजवी बाजू आपल्याकडे आहे, असे धरा. त्याचा आघाडीचा पाय उजवा असेल तर आधी मागचा डावा पडेल, मग मागचा उजवा, मग पुढचा डावा, शेवटी पुढचा उजवा. हा शेवटचा पाय सुटला की घोडा क्षणभर अधांतरी, पाय गोळा केलेला, आणि पुन्हा मागच्या डाव्यावर उतरतो.

सगळ्यांना तो अधांतरी क्षणच काढायचा असतो. माझा कौल त्याच्या अगदी आधीच्या क्षणाला आहे: पुढचा उजवा पाय एकटा जमिनीवर, बाकी तिन्ही हवेत. साडेचारशे-पाचशे किलोचे जनावर त्या एका पायावरून पुढे जात असते आणि भरधाव वेगात त्या पायावर अंगाच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. तो भार कुठे कुठे दिसतो हे शोधले की निम्मे चित्र हाती लागते.

पहिला पुरावा खुराच्या वरच्या सांध्यात असतो. उभ्या घोड्यात हा सांधा खुरापासून तिरपा वर उभा असतो. भर आला की तो खाली दबतो, इतका की त्याची मागची बाजू जमिनीला टेकायला आल्यासारखी दिसते. हवेतल्या पायांत हाच सांधा सैल पडून मागे दुमडतो. चारही पायांचा हा कोन सारखाच काढला तर कुठला पाय ओझे पेलतो आणि कुठला मोकळा आहे हे कळायला मार्ग उरत नाही. नवशिक्यांच्या चित्रांत मी सर्वात आधी तिथेच पाहतो.

पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो तो सांधा खरे तर आपल्या मनगटाच्या जागी आहे, आणि मागच्या पायाचा मधला टोकदार सांधा म्हणजे टाच. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेशी लपलेला. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर, तेही नखावर, चालतो. मनगट आणि टाच यांच्या खाली जवळपास स्नायू नाहीतच. तिथे हाड, दोऱ्या म्हणजे कंडरा, आणि कातडी. म्हणून पायांचा खालचा भाग गोलसर आणि मांसल रंगवायचा नसतो. तिथल्या छटा कडक, धारदार, नळीच्या हाडामागून जाणाऱ्या कंडरेची एक खाच स्पष्ट दाखवणाऱ्या असाव्यात. मऊपणा सगळा वर, खांद्यात आणि मांडीत.

मागच्या पायाबद्दल एक गोष्ट पाठ करून ठेवावी. खरा गुडघा आणि टाच हे दोन सांधे कंडरांनी असे जखडलेले असतात की एक वाकला की दुसरा वाकतोच. टाच दुमडली आहे आणि वरचा गुडघा सरळ आहे असा घोडा जगात नाही, चित्रांत मात्र भरपूर भेटतात. दुमडण्याची दिशाही वेगळी: पुढच्या पायात नळीचे हाड मागे जाते आणि खूर कोपराकडे उचलला जातो, मागच्या पायात ते पुढे, पोटाकडे येते.

घोड्याला गळपट्टीचे हाड नसते. पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेले नाहीत. दोन फऱ्यांच्या मध्ये धड स्नायूंच्या झोळीत तोलून धरलेले असते. छटांच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट. पाय पुढे फेकला की फरा फासळ्यांवरून फिरतो, आणि त्याबरोबर खांद्यावरची सावलीही जागा बदलते. भार पडलेल्या बाजूला धड किंचित खाली बसते, फऱ्याचा वरचा कंगोरा उठून दिसतो, कोपरामागे कातडीच्या दोन-तीन वळ्या पडतात. याउलट पाठीचा कणा फारसा वाकत नाही. वाकतो तो मुख्यतः कमरेच्या शेवटी, पुठ्ठ्याच्या आधी. चित्त्यासारखी कमान केलेला घोडा दिसायला ऐटबाज असेल, पण तो घोडा नव्हे.

ही माहिती एका इंग्रज चित्रकाराने अंगमेहनतीने गोळा केली होती. जॉर्ज स्टब्जने लिंकनशायरमधल्या हॉर्कस्टो गावी सुमारे दीड वर्ष मेलेल्या घोड्यांची चिरफाड करून थराथराने रेखाटने केली आणि १७६६ साली त्यांचे पुस्तक काढले. ती रेखाटने आजही बघण्याजोगी आहेत. मायब्रिजच्या १८७८च्या प्रतिमाही आता कोणाच्या मालकीच्या नाहीत, बिनधास्त समोर ठेवून काढाव्यात. परक्याचे अलीकडचे छायाचित्र गिरवण्यापेक्षा हा मार्ग सरळ.

आता टॅब्लेट उघडा. क्रिता फुकट मिळते. फोटोशॉप किंवा प्रोक्रिएट असेल तरी पुढचे सगळे तसेच लागू होते. पहिल्या लेअरवर घोडा फक्त काही रेघांत बसवा: डोक्यापासून पाठीवरून शेपटीपर्यंत एक लांब रेघ, टेकलेल्या पायाची एक उभी रेघ, आणि डोक्याची लांबी हे माप. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत अंग साधारण अडीच डोकी भरते, खांद्यावरच्या उंचवट्याची जमिनीपासून उंचीही तेवढीच. आपल्या क्षणात मान लांब आणि खाली आहे, कारण पुढच्या पायांवर भार आला की घोडा डोके खाली नेतो आणि मागचे पाय टेकताना वर घेतो. कॅनव्हास आडवा उलटा करून पाहण्याची सोय प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते. ती इथेच वापरा. नंतर वापरून फक्त मनस्ताप होतो.

छटांचे मोजमाप ० ते २५५ असे चालते: ० काळा, २५५ पांढरा. मधला १२८ म्हणजे निम्मा उजेड असे वाटते, पण १२८ला पडदा पांढऱ्याच्या तुलनेत जेमतेम पाचवा हिस्सा प्रकाश फेकतो. आपल्या डोळ्याला अंधाऱ्या बाजूचे फरक जास्त कळतात, म्हणून आकडे तसे बसवलेले असतात. कोऱ्या पांढऱ्या कॅनव्हासवर सुरुवात करू नका. पांढऱ्यावर प्रत्येक करडा गडद वाटतो आणि घोडा फिका राहतो. आधी सगळीकडे १५०च्या आसपासचा करडा ओता.

मग घोड्याची सपाट आकृती एका वेगळ्या लेअरवर, एकाच छटेत. आपला घोडा गडद तपकिरी धरला तर ७० ठीक. या लेअरवर क्लिपिंग मास्क लावून वर छटा द्यायच्या, म्हणजे ब्रश आकृतीबाहेर जात नाही. इथे एक फसगत होते. तांबूस घोडा हिरव्या गवतावर रंगीत छायाचित्रात ठसठशीत उठून दिसतो. तेच छायाचित्र करडे केले की घोडा आणि गवत कधी कधी एकाच छटेत विरघळतात. रंगाने जे वेगळे केले होते ते उजेडाने वेगळे केलेले नव्हते. तेव्हा छायाचित्रातली जमीन जशीच्या तशी उचलू नका. जमीन किती उजळ हवी हे तुम्ही ठरवा, आणि पायांमागे ती घोड्याहून स्पष्ट उजळ ठेवा, कारण गोष्ट तिथे घडते आहे.

सूर्य वर उजवीकडे, किंचित आपल्या बाजूला, असे मानू. घोड्याचे धड म्हणजे ढोबळमानाने आडवा लंबगोल. त्याचा वरचा भाग प्रकाशात, बाजू मधल्या छटेत, पोट सावलीत. हे तीन भाग कडक गोल ब्रशने, फक्त तीन छटांत मारा: १२०, ७०, ३५. मान, खांदा, मांडी यांनाही हेच तीन. मऊ ब्रशला अजून हात लावायचा नाही. या टप्प्यावर चित्र ओबडधोबड दिसेल, पण झूम कमी करून अंगठ्याएवढे केले तरी पळणारा घोडा ओळखू आला पाहिजे. येत नसेल तर पुढे जाऊ नका; तपशिलाने ते सुधारत नाही.

सावलीची सर्वात गडद पट्टी पोटाच्या अगदी तळाशी नसते, थोडी वर असते, जिथे उजेड संपून अंग खाली वळते तिथे. तळाशी जमिनीवरून परतलेला उजेड पोहोचतो. तो किती हे जमिनीवर अवलंबून. मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. तिथल्या उघड्या, फिकट मातीवर घोड्याचे पोट खालून चांगले उजळते. मुंबईत महालक्ष्मीच्या हिरवळीवर तोच घोडा पोटाशी काळवंडलेला दिसतो. म्हणून परावर्तित उजेडाला माती असेल तर ५५ द्या, गवत असेल तर ४२च्या वर जाऊ नका. कुठल्याही परिस्थितीत तो मधल्या छटेपेक्षा उजळ होता कामा नये, नाहीतर घोडा आतून दिवा लावल्यासारखा दिसतो. हा दोष डिजिटल चित्रांत फार.

आता जोडकाम, म्हणजे त्या तीन छटांच्या सीमा मोडणे. ब्रशची ओपॅसिटी स्टायलसच्या दाबाशी जोडा आणि मधल्या छटा एकमेकींवर हलक्या हाताने चढवा. स्मज टूल आणि मोठा एअरब्रश ही दोन हत्यारे मी शक्यतो टाळतो. त्यांनी सगळ्या सीमा सारख्याच मऊ होतात आणि कातडीखालची हाडे नाहीशी होतात. फऱ्याचा कंगोरा, डोळ्याखालचे गालाचे हाड, टाचेचे टोक, इथे सीमा टोकदार हवी. पोट, मांडीचा मागचा भाग, मानेचा मध्य, इथे लांब आणि मऊ. केसांचा पोत द्यायचाच असेल तर फक्त उजेड-सावलीच्या सीमेवर, केसांच्या दिशेने, थोडा. गडद सावलीत केस दिसत नाहीत आणि चकाकीतही नाहीत.

चकाकी शेवटी. पळून घामाघूम झालेल्या घोड्याचे अंग कोरड्यापेक्षा गडद होते आणि त्यावरची चमक जास्त तीव्र. तरी २००च्या वरच्या छटा चार-पाच ठिकाणीच ठेवा: खांद्याचा उंच भाग, मानेचा कणा, डोळ्यातला ठिपका, नाकपुडीची कड, टेकलेल्या पायाचा गुडघा. पुठ्ठ्यावरची चमक मुद्दाम १६०लाच थांबवा. पाहणाऱ्याची नजर पुढच्या भागात, ओझे पेलणाऱ्या पायापाशी हवी; मागे लखलखाट केला की ती तिकडे पळते. काळ्यालाही हाच कंजूषपणा लावा. १५च्या खालची छटा फक्त नाकपुडीच्या आत, कोपरामागच्या वळीत आणि टेकलेल्या खुराच्या अगदी बुडाशी.

वेगाचा भाग इथून पुढे, आणि यात बहुतेकांचा गोंधळ उडतो, कारण धूसरपणा कुठे द्यायचा हे कोणी हिशेबाने ठरवत नाही. शर्यतीचा घोडा ताशी ६० किलोमीटरच्या आसपास पळतो, म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. कॅमेरा स्थिर असेल आणि झडप १/२५० सेकंद उघडी राहिली, तर तेवढ्यात धड साडेसहा-सात सेंटिमीटर पुढे सरकते. टेकलेला खूर मात्र जमिनीवर स्थिर असतो, त्याचा वेग शून्य. आणि हवेतून पुढे येणारे खूर धडाला गाठून मागे टाकत असतात, म्हणजे त्यांचा वेग धडापेक्षाही बराच जास्त. तेव्हा स्थिर नजरेच्या चित्रात टेकलेला खूर सर्वात रेखीव, धड थोडे मऊ आणि हवेतले खूर सर्वात पुसट.

आता उलटे धरा. छायाचित्रकार घोड्याबरोबर कॅमेरा फिरवतो आहे. मग धड आणि डोके रेखीव, पार्श्वभूमी आडव्या रेघांत ओढलेली, आणि टेकलेला खूरही जमिनीबरोबर मागे ओढलेला दिसतो. दोन्ही चित्रे खरी आहेत. पार्श्वभूमी ओढलेली आणि टेकलेला खूर मात्र कोरीव, ही खिचडी खरी नाही, आणि इंटरनेटवरच्या निम्म्याअधिक घोड्यांत तीच असते. आपण भार दाखवायला निघालो आहोत, म्हणून पहिला पर्याय घेऊ. धूसरपणा फिल्टरने सरसकट न देता हवेतल्या खुरांच्या फक्त मागच्या कडा, त्यांच्या मार्गाच्या वक्र दिशेत, जमिनीच्या छटेने थोड्या खाऊन टाका.

आयाळ आणि शेपूट अंगाच्या मागे राहतात, फक्त आडव्या दिशेत नव्हे, उभ्याही. मान खाली जात असताना आयाळ अजून वर असते. आपल्या क्षणात मान खाली आहे, म्हणून आयाळ मानेपासून सुटून वर उचललेली काढा, दोन-तीन मोठ्या झुबक्यांत; सुटे केस सगळ्यात शेवटी आणि मोजकेच.

धूळ वेगळ्या लेअरवर. ती आताच सुटलेल्या खुरांच्या मागे उडते, टेकायला येणाऱ्या खुराखाली ती असण्याचे कारणच नाही. दाणेदार ब्रश, १८० ते २०० छटा, कमी ओपॅसिटी, आणि मागच्या पायांच्या खालच्या भागावरून बिनदिक्कत चढवा. तिथले खूर पूर्ण दिसलेच पाहिजेत असे काही नाही.

जमिनीवरच्या सावलीला मल्टिप्लाय मोडचा लेअर घ्या. टेकलेल्या खुराची सावली खुराला चिकटून निघते, हवेतल्या खुरांच्या सावल्या त्यांच्यापासून सुटलेल्या पडतात. ही सुटलेली फट नसेल तर कितीही धूळ उडवली तरी पाय जमिनीवरच राहतात. सावलीची कडही अंतराने बदलते. सूर्य आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो, त्यामुळे एक मीटरवरून पडलेल्या सावलीची कड जवळपास एक सेंटिमीटर धूसर होते. खुराशी तीक्ष्ण, पोटाच्या सावलीला किंचित मऊ, बस.

फाइल सुरुवातीपासून १६ बिटची ठेवलेली बरी. ८ बिटमध्ये ४० ते ६० या पट्ट्यात फक्त वीसेक पायऱ्या असतात. हजार पिक्सेल रुंद पोटावर त्या पसरल्या की प्रत्येक पायरी पन्नासेक पिक्सेलची होते आणि नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखे पट्टे उमटतात. ८ बिटमध्येच काम झाले असेल तर वर अगदी बारीक नॉइज टाका, पट्टे मोडतात. जपून ठेवायची प्रत पीएनजीमध्ये घ्या. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून दाबते आणि मऊ छटांत ते चौकोन दिसू लागतात.

छापायचे असेल तर आणखी एक काम उरते. पडद्यावर वेगळे दिसणारे १५ आणि ३० मॅट कागदावर बहुधा एकच काळा होतात. म्हणून छापायच्या प्रतीत लेव्हल्समधून गडद बाजू थोडी उचला आणि पूर्ण चित्राआधी एक छोटा तुकडा छापून पाहा. तो तुकडा चेहऱ्याचा घेऊ नका, चेहरा नेहमी बरा येतो. पोटाखालचा, कोपरामागच्या वळ्यांचा घ्या.